दार लाव, ऊन येतंय

"...मग गुलाबांचा वास कुठून आला, मदर?"

"कुठला वास?"

"सिस्टर ज्युलियाना गेल्या तेव्हा खोलीभर गुलाबांचा वास सुटला होता म्हणतात. सागपाड्यात ज्याला विचारावं तो हेच सांगतो."



"फिनेल," मदर बेनेडिक्टा म्हणाल्या. "मीच ओतलं होतं. अख्खी बाटली."

सिस्टर लव्हिनाला हसू आलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. तिनं तो मदरच्या आणखी जवळ सरकवला.

वसईजवळच्या एका कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात दोघी बसल्या होत्या. थकलेल्या, म्हाताऱ्या सिस्टर्सना ठेवतात ती ही बाजू. समोर केळीची बाग. दुपार कलली होती.

मदर बेनेडिक्टा ऐंशीच्या पुढच्या. व्रतं घेण्याआधी मुली कॉन्व्हेंटमध्ये शिकायला येतात, त्यांना मदरनी कितीतरी वर्षं चर्चचा इतिहास शिकवला होता. मुली त्यांच्या तासाला घाबरायच्या. मदर एखाद्या संत स्त्रीचं चरित्र वाचायला लावायच्या आणि वाक्यावाक्याला थांबवून विचारायच्या, "हे कुणी पाहिलं?"

बार्बराला बापानं कोंडलं तो मनोरा कुणी पाहिला? मार्गारेटला गिळणारा तो राक्षसी साप कुणी पाहिला? कॅथरीनची मान कापली तेव्हा रक्ताऐवजी दूध वाहिलं, ते कुणी पाहिलं?

तास संपेपर्यंत फळ्यावर फारसं काही उरत नसे. एक नाव. एखाद्या शहराचं नाव. कधी तेही नाही.

मुली रडायच्या. एकीनं विचारलं होतं, "व्रतं घेताना जिचं नाव मी घ्यायचं ठरवलंय ती झालीच नसेल, तर मी कुणाची?" मदरनी फळा पुसायला घेतला होता.

लव्हिना रडली नव्हती. तिला ते सगळं फार आवडलं होतं.

पुढे ती रोमला गेली. ख्रिस्तानंतरच्या पहिल्या काही शतकांतल्या हुतात्मा स्त्रियांवर प्रबंध लिहून आली. आल्यावर ठिकठिकाणच्या चर्चमध्ये तिची व्याख्यानं होऊ लागली. व्याख्यान संपलं की म्हाताऱ्या बायका मुसमुसत बाहेर पडायच्या. लव्हिनाला वाटायचं, बरं झालं, डोळे उघडले.

आता बिशपांनी तिच्यावर एक काम सोपवलं होतं. सिस्टर ज्युलियानांना संतपद मिळावं अशी मागणी रोमकडे जायची होती. त्याआधी त्यांचं खरं चरित्र हवं होतं. दंतकथा एकीकडे, इतिहास एकीकडे.

साठ वर्षांपूर्वी जव्हारच्याही पलीकडे, डोंगरातल्या सागपाडा नावाच्या मिशनवर ज्युलियाना कॉलऱ्याच्या साथीत वारल्या. त्यांच्या थडग्यापाशी आता दर वर्षी जत्रा भरते. आणि त्या साथीत त्यांच्यासोबत असलेली दुसरी सिस्टर अजून जिवंत होती. ती म्हणजे मदर बेनेडिक्टा.

"या वेळी मला नुसतं एक नाव घेऊन परत जायचं नाही, मदर," लव्हिना म्हणाली. "पुरुष संतांची पत्रं राहिली, भांडणं राहिली, कुणाशी काय वाद घातले तेही राहिलं. बायकांचं काय राहिलं? रूप आणि छळ. एकच साचा. कोवळी, देखणी, बड्या बापाची लेक... नुसती नावं बदलायची. पण इथं साक्षीदार आहे. प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आहे. तुम्ही आहात."

मदर बागेकडे पाहत होत्या.

"विचार," त्या म्हणाल्या.

"त्या गेल्या तेव्हा मिशनची घंटा आपोआप वाजली."

"मिशनला घंटाच नव्हती. रुळाचा तुकडा टांगला होता झाडाला."

"तो वाजला?"

"वारा सुटला की रोजच वाजायचा."

"हात. प्राण जाताना त्यांचे हात आपोआप जोडले गेले."

"बँडेजनं बांधले."

"का?"

"कॉलऱ्यात गोळे येतात. बोटं अशी वळतात..." मदरनी आपली बोटं वाकडी करून दाखवली. "त्या हातांनी शवपेटीचं झाकण लागेना. मी ओढून ओढून सरळ केले. पुन्हा वळायचे. मग बांधून टाकले."

लव्हिनानं मान हलवली. सगळं कसं मनासारखं जुळत होतं.

"मिशन सोडून निघून या, असा वरून निरोप आला होता. ज्युलियाना म्हणाल्या, माझ्या माणसांना टाकून मी येणार नाही. हे तरी?"

"एसटी बंद झाली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला यायचं होतं. मलाही. पेट्या भरून आम्ही फाट्यावर जाऊन बसलो. साथीमुळे गाडी आलीच नाही. ती रडली. मग पेट्या डोक्यावर घेऊन परत गेलो."

"रडल्या?"

"मोठमोठ्यानं. आयला हाका मारत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं."



"हे फार मोलाचं आहे, मदर."

"असेल."

"मेलेल्यांना त्या स्वतः उचलायच्या, आंघोळ घालायच्या, असं..."

"प्रेताला शिवायची नाही ती. भीती वाटायची. प्रेतं पाड्यावरचे पुरुष उचलायचे. पुरुष पडायला लागले तेव्हा मी."

"मग त्या काय करायच्या?"

"पाणी उकळायची."

"आणि?"

"पाणी उकळायची, बाय. पहाटेपासून चुलीपुढे. लाकडं ओली, धूर डोळ्यांत. कुणी न उकळलेलं पाणी प्यायला गेलं की हातावर पळी मारायची. म्हाताऱ्यांनाही मारायची. आपल्या वसईच्या बोलीत शिव्या द्यायची. त्यांना कळायच्या नाहीत, मला कळायच्या."

मदर किंचित हसल्या. ते हसू फार वेळ टिकलं नाही.

लव्हिना पुढे सरकून बसली. ज्याच्यासाठी ती आली होती तो प्रश्न तिनं मुद्दाम मागे ठेवला होता.

"शेवटचे शब्द, मदर. थडग्याच्या दगडावर कोरलेत. 'दार उघडलं, प्रकाश येतोय.'"



...

"मदर?"

"दार लाव, ऊन येतंय."

"काय?"

"असं म्हणाली ती. खाट दारासमोरच होती. दुपारचं ऊन सरळ तोंडावर यायचं. 'दार लाव, ऊन येतंय.' मी लावलं."

"आणि मग?"

"पलीकडच्या खाटेवर एक बाई ओकत होती. तिच्याकडे गेले. तिला पुसलं, कूस बदलून दिली. परत आले तेव्हा..."



"म्हणजे त्या गेल्या तेव्हा..."

"कुणी नव्हतं."

बागेत कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. त्याची घरघर व्हरांड्यापर्यंत येत राहिली.

"मग दार उघडलं कुणी?" लव्हिनानं हळू विचारलं. "त्या वाक्यातलं?"

"तिला पुरायला आलेल्या फादरना मी सांगितलं, ती म्हणाली तसंच. त्यांनी दर वर्षी जत्रेच्या प्रवचनात सांगितलं. पहिल्या वर्षी नुसतं दार होतं आणि ऊन होतं. दुसऱ्या वर्षी ऊन गेलं, प्रकाश आला. त्याच्या पुढच्या वर्षी दार उघडलं."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत? असं नव्हतं म्हणून?"

"दर वर्षी सांगायची. जत्रेला जायची, माइकपुढे उभी राहायची. ती फाट्यावर रडली होती, ती प्रेताला घाबरायची, ती दार लाव म्हणाली... लोक डोळे पुसायचे. मग रांग लावून माझ्या पाया पडायचे. तिला हात लावलेली बाई म्हणून. एकदा एकीनं माझ्या झग्याचा तुकडा कापून नेला. पोराच्या गळ्यात बांधायला."

"मग?"

"मग जायचं सोडलं. शिकवायला लागले."

लव्हिनाला एक जुनी गोष्ट विचारावीशी वाटली.

"हे कुणी पाहिलं, असं तुम्ही आम्हाला विचारायचात... ते कुणाकडून शिकलात?"

"कुणाकडून नाही. मी पाहिलं होतं आणि मला कुणी विचारत नव्हतं."

लव्हिनानं बाटलीतलं पाणी मदरच्या पुढे केलं. मदरनी नको म्हणून हात हलवला.

"विहिरीचं तेवढं राहिलं," लव्हिना म्हणाली. "ज्युलियानांनी सागपाड्याच्या विहिरीत हात घातला आणि पाणी गोड झालं, साथ थांबली. लोक अजून बाटल्या भरून नेतात."

"ब्लीचिंग पावडर टाकली तिनं."

"म्हणजे मुळाशी काहीतरी घडलं होतं!"

"पाण्याला उग्र वास यायला लागला. लोकांना वाटलं, विहिरीत विष कालवलं. त्यांनी तिला दगड मारले."

लव्हिना एकदम ताठ झाली.

"कुणी?"

"पाड्यावरच्यांनी."

"जे आज तिथं मेणबत्त्या लावतात..."

"त्यांच्या आज्यांनी आणि आजोबांनी. आदल्या आठवड्यात तिनं चमच्या-चमच्यानं पाणी पाजून जगवलेली एक बाई सगळ्यांच्या पुढे होती."

"मी सागपाड्यात इतकी माणसं भेटले. हे मला कुणीच सांगितलं नाही."

"कोण सांगेल?"

लव्हिनानं दोन्ही हातांनी खुर्ची पुढे ओढली.

"मदर, यानं सगळंच बदलतं. दगड मारले! ख्रिस्ताचं काम करताना दगड मारले. म्हणजे त्या हुतात्मा ठरतात. पहिल्या शतकांतल्या त्या सगळ्याजणींसारख्या, पण ही खरी. ही पुराव्यानिशी. तो खवळलेला जमाव, ती विहीर, मधोमध एकटी पोर, हात आभाळाकडे..."

"हात डोक्यावर होते."

लव्हिना थांबली.

"डोकं धरून पळाली ती. मीही पळाले, तिच्या पुढे. आणि ख्रिस्तासाठी नाही मारलं त्यांनी. पाण्याला वास येत होता म्हणून मारलं."

"पण त्या जखमेनंच..."

"जखम भरत आली होती. गेली ती कॉलऱ्यानं."

"म्हणजे रोग्यांची सेवा करताना लागण झाली."

"विहिरीचं पाणी प्यायली. न उकळलेलं."

मदरच्या आवाजात काहीच नव्हतं. ना राग, ना दया.

"दगड मारल्यावर पुन्हा पावडर टाकू दिली नाही त्यांनी. तिला ते ठाऊक होतं. पण दिवसभर चुलीपुढे बसून घसा कोरडा पडत असेल. पाणी उकळायला वेळ लागतो, बाय. मग निवायला वेळ लागतो. सगळ्यांसाठी थांबायची. एकदा नाही थांबली."

...

लव्हिना खाली पाहत राहिली. खवळलेला जमाव, मधोमध एकटी पोर, आभाळाकडे हात. हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. तिनंच रचलं होतं, आत्ता, एका दमात. ज्या साच्यावर तिनं प्रबंध लिहिला तो साचा तिच्याच तोंडातून बाहेर पडला होता, आणि तिला पत्ताही लागला नव्हता.

मदरनी ते ओळखलं होतं.

"मी काय लिहू, मदर?"

तिचा आवाज बदलला होता. व्याख्यान देणारी सिस्टर त्यात नव्हती.

"त्या संत होत्या असं लिहू, की नव्हत्या असं?"

"ती चोवीस वर्षांची होती असं लिही."

"एवढंच?"

"घरचं तिचं नाव जुस्तीन. आम्ही दोघी एकाच दिवशी कॉन्व्हेंटात आलो. तिला गाता येत नव्हतं, तरी गायची. चप्पल फरफटत चालायची. माझ्या ताटातलं लोणचं उचलायची." मदर थांबल्या. "हे लिहून रोमला काय कळवशील?"



लव्हिनानं कपाळ पुसलं. काहीतरी हाती लागायला हवं होतं. अगदीच रिकाम्या हातानं उठणं तिला जमेना. तिनं पिशवी उघडली आणि सागपाड्याला जत्रेत वाटतात ते प्रार्थनेचं छोटं कार्ड बाहेर काढलं. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला ज्युलियानांचं चित्र. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, कपाळ संगमरवरासारखं, हातात लिलीची फुलं. कुण्या चित्रकारानं मनानं काढलेलं, मग घराघरांतून लागलेलं.

"निदान हे तरी बदलू," ती म्हणाली. "हा चेहरा कुणाचाच नाही. कुठल्या तरी कॅलेंडरवरून उचललाय. मी खरा फोटो खूप शोधला. मिळाला नाही."

"फोटो कधी काढलाच नाही तिचा."

"पण तुम्ही आहात ना. मी चित्रकाराला घेऊन येते. तुम्ही सांगायचं, त्यानं काढायचं. आणि ती दगडाची जखम, तीही दाखवायची. पाहू देत लोकांना. कुठे होती जखम?"

"कपाळावर. भुवईच्या वर."

लव्हिनानं पेन काढून मदरच्या हातात दिलं. कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"इथंच खूण करा. कुठल्या बाजूला?"

मदरनी पेन धरलं. टोक चित्रातल्या डाव्या भुवईपाशी नेलं. तिथं थांबवलं. मग उजव्या भुवईपाशी नेलं.

"मीच धुवायची," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. पट्टी चिकटायची. कोमट पाण्यानं भिजवून सोडवायला लागायची. ती माझं मनगट घट्ट धरून ठेवायची."

"हो, मदर. कुठल्या बाजूला?"

मदरनी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात पुढे हवेत धरले. समोर कुणी बसलं आहे आणि त्याच्या कपाळाची पट्टी सोडायची आहे, तसे. हात जरा डावीकडे गेले. मग उजवीकडे. मग मधेच थांबले.

त्यांनी डोळे मिटले.

...

पंप बंद झाला होता. बागेत पाणी मुरत असल्याचा बारीक आवाज येत होता.

"घाई नाही," लव्हिना म्हणाली. "जखम राहू द्या. आधी चेहरा आठवा. मग जखम आपोआप आठवेल."

"सावळी होती," मदर म्हणाल्या. "माहीत आहे. वरचा एक दात पुढे होता. माहीत आहे. नाक..."

"नाक, मदर?"

मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरत होती. मग पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या. लव्हिनानं इतक्या वर्षांत मदरना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. ते बंद करावं असं तिला वाटलं. हात पुढे झाला नाही.

"आज दमलात तुम्ही," ती म्हणाली. "मी उद्या येते. उद्या आठवेल."

मदरनी डोळे उघडले. मांडीवरच्या त्या गोऱ्यापान चेहऱ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग त्याच्यावर बोट ठेवलं.

"रोज डोळे मिटते, बाय," त्या म्हणाल्या. "रोज हीच येते."